गर्दीची गुणग्राहकता

अलीकडे दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत लग्नामुंजीला गेले, की पंक्तीत एक प्रश्नोत्तर हमखास कानी पडते. "धाकटी काय करते हो सध्या?" "ती ना, डिझाइनमध्ये आहे." विचारणारे आजोबा क्षणभर घुटमळतात. "म्हणजे कपड्यांचे का?" "नाही हो, यूएक्स." यावर आजोबा मुकाट्याने जिलबीकडे वळतात.

पूर्वी मलाही हसू येत असे. आता येत नाही, कारण माझ्याच वर्गात आठ वर्षे ख्याल शिकलेली एक मुलगी या धंद्यात शिरली आणि तिच्या निमित्ताने हा प्रकार मला जवळून पाहावयास मिळाला. मी पेशाने गाणे शिकविणारा. माझे वडील १९४६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, येथल्या कलावंत कारखान्यात संवादिनीच्या साथीला लागले. तीन वर्षांनी, १९४९ साली, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. दरबार मी पाहिला नाही, पण दरबारी माणसाचा हिशेब घरात रोज ऐकला. तेवढ्याच भांडवलावर हे लिहितो आहे.

बडोदेकरांना या विषयाचे नवल वाटू नये, असे खरे म्हणजे माझे मत आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, तेव्हा हात आणि बुद्धी यांची फारकत मोडावी हाच हेतू होता. दादासाहेब फाळके तेथे शिकून गेले. विद्यापीठाची ललितकला शाखा १९५० ची. येथून शंभरेक किलोमीटरवर, अहमदाबादेस, राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली उभी राहिली. तेव्हा वस्तूला रूप देणे हा पोट भरण्याचा मार्ग असू शकतो, हे या मुलखाला कोणी नव्याने सांगावयास नको. नवे आहे ते दुसरेच.

आधी त्या 'यूएक्स'चा उलगडा करतो. युजर एक्स्पीरिअन्स, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव. डोनाल्ड नॉर्मन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९९३ साली ॲपल कंपनीत गेले, तेव्हा त्यांनी हे शब्द आपल्या हुद्द्यातच घालून घेतले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. त्याआधी, १९८८ साली, त्यांनी नित्याच्या वापरातील वस्तूंवर एक पुस्तक लिहिले होते. दार ढकलायचे की ओढायचे हे माणसाला कळत नसेल, तर चूक माणसाची नसून दाराची आहे, हा त्यांचा एक लाडका मुद्दा. मास्तरकी करणाऱ्याला हा विचार पचविणे जड जाते, हे मी स्वानुभवाने सांगतो. मुलाला ताल समजला नाही तर चूक मुलाची, हे आमचे परंपरागत मत!

अहमदाबादची संस्था ज्या अहवालातून निघाली, तो चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने भारत सरकारच्या बोलावण्यावरून येथे येऊन १९५८ साली लिहिला. त्यात त्यांनी गौरविले कशाला? ताजमहालाला नव्हे, लोट्याला. तो कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलतो, भरलेला नि रिकामा हाती कसा लागतो, पाणी ओतताना धार कशी पडते, तोंड किती रुंद असावे म्हणजे आत हात घालून घासता येईल, अशा प्रश्नांच्या वाटेने त्यांनी लोट्याचा विचार केला, आणि तो कोणा एकाने रचलेला नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून घडला, असे सांगितले. आमच्या घरी अजून एक तांब्याचा लोटा आहे. तो अहवाल वाचल्यापासून मी त्याच्याकडे जरा आदराने पाहू लागलो.

माझ्या धंद्यातला दाखला द्यायचा तर स्वरलिपीचा देता येईल. या शहरात मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली आणि मुलांना लिहून शिकविता यावे म्हणून स्वतःची स्वरलिपी रचली. पुढे विष्णु दिगंबर पलुस्करांनी एक रचली, विष्णु नारायण भातखंड्यांनी दुसरी. पलुस्करांच्या लिपीत स्वर किती काळ टिकतो यासाठी निरनिराळ्या खुणा आहेत. ती काटेकोर आहे, पण शिकणाऱ्याला आधी खुणा पाठ कराव्या लागतात. भातखंड्यांनी कोमल स्वराखाली आडवी रेघ दिली, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, ताराला वर टिंब, आणि एका मात्रेत येणाऱ्या स्वरांना खालून कंस. संपले. बहुतेक वर्गांत आज तीच चालते. ती अधिक शास्त्रशुद्ध म्हणून टिकली असे मला वाटत नाही. दहा वर्षांच्या मुलाला ती एका बैठकीत उमगते म्हणून टिकली. हे यूएक्सच की! बडोद्यास १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा भातखंड्यांना हा शब्द ठाऊक नव्हता, एवढेच.

आता या धंद्याची दुसरी बाजू, आणि माझी खरी तक्रार येथे सुरू होते. 'क्राउडसोर्सिंग' हा शब्द जेफ हाउ या पत्रकाराने 'वायर्ड' मासिकाच्या जून २००६ च्या अंकात वापरात आणला. जे काम आपल्या नोकराकडून किंवा ठरलेल्या कारागिराकडून करवून घ्यावयाचे, ते जाहीर हाक देऊन अनोळखी गर्दीकडून करवून घेणे, असा त्याचा अर्थ. त्या पहिल्याच लेखात एक दाखला होता. एका संग्रहालयाला काही छायाचित्रे हवी होती. धंदेवाईक छायाचित्रकाराने सवलत देऊन एका चित्राचे दीडशे डॉलर मागितले, आणि हौशी लोकांची तशीच चित्रे इंटरनेटवर सुमारे एका डॉलरला मिळाली. म्हणजे शब्दाच्या बारशालाच भाव पडल्याची बातमी होती. पण तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. गर्दीच्या प्रतिभेचे कौतुक तेवढे झाले.

कौतुकाला जागा नाही असे मी म्हणत नाही. आपल्या रुपयाचे चिन्ह असेच आले. सरकारने २००९ साली जाहीर स्पर्धा लावली, तीन हजारांहून अधिक आराखडे आले, पाच शेवटच्या फेरीत गेले, आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने डी. उदयकुमार यांचे चिन्ह मान्य केले. देवनागरी र आणि रोमन आर यांचा तो मिलाफ आज प्रत्येक पावतीवर दिसतो. बक्षीस अडीच लाखांचे. पुढे २०१४ साली केंद्र सरकारने 'मायगव्ह' हे संकेतस्थळ काढून लोकांकडून बोधचिन्हे मागविण्याचा परिपाठच सुरू केला. त्या वर्षीच्या गांधीजयंतीला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. त्याचे बोधचिन्ह, म्हणजे तो गांधीजींचा चष्मा, कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचा. कोल्हापूर आपल्यासारखेच जुने संस्थानी गाव. दिल्लीत ओळख नसलेल्या मराठी माणसाची रेघ साऱ्या देशाच्या भिंतींवर गेली, याचा मला त्या वेळी फार आनंद झाला होता, आणि तो अजून कमी झालेला नाही.

माझ्या विद्यार्थिनीनेही तोच दाखला दिला. तिला अहमदाबादच्या संस्थेत जागा मिळाली नाही. वडील म्हणाले, वाणिज्य शाखेची पदवी पुरी कर, मग बघू. तिने ती केली, आणि रात्री जागून इंटरनेटवरील बोधचिन्हांच्या स्पर्धांत भाग घेऊ लागली. "सर, कोल्हापूरला बसून जमते, तर बडोद्याला का नाही?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. उलट मी तिच्या वडिलांची समजूत काढली. म्हटले, अहो, ही तर खुली मैफल आहे, गुण असेल तर लोक उचलून धरतील.

दोन वर्षांनी तिने आपली वही मला दाखविली. रियाजाची वही ठेवावी तशी तिने ती ठेवली होती. ती सवय माझी, एवढे श्रेय मी घेतो. एकसष्ट स्पर्धा. तीन बक्षिसे. एका स्पर्धेला सरासरी अकरा तास. मिळालेली रक्कम तासांनी भागली, तर आमच्या गल्लीत इस्त्री करणाऱ्याच्या रोजीहून कमी भरत होती. पैशाचे मी एकवेळ सोडून देतो. कलेत पहिली वर्षे उपाशीच जातात. पण त्या वहीतील एक रकाना मला बोचला. "का नाकारले?" असे वर लिहून खाली अठ्ठावन्न वेळा नुसती आडवी रेघ होती. कोणी तिला काही सांगितलेच नव्हते.

येथे मला वडील आठवले. कलावंत कारखाना म्हणजे काही स्वर्ग नव्हता. नियम लेखी होते. हजेरी होती, रजेचे अर्ज होते, मर्जी होती आणि गैरमर्जीही होती. बाहेरच्या माणसाला आत शिरणे दुरापास्त. पण ज्याला घेतले त्याला दरमहा पगार होता, आणि चुकला तर सांगणारे कोणी होते. वडील म्हणत, "साथीत एक स्वर आगाऊ पडला, तर गवई मान वळवून नुसते पाहत. ते पाहणे म्हणजे सहा महिन्यांची तालीम." स्पर्धेने दार सगळ्यांना उघडले, हे तिचे मोठेपण खरेच. पण त्या दारातून आत गेल्यावर समोर मान वळवून पाहणारे कोणी बसलेले नसते. एकाला हार घालतात, बाकीचे आपापल्या घरी.

मग उदयकुमार आणि खासबारदार कसे घडले? मी थोडी चौकशी केली. उदयकुमार त्या वेळी मुंबईच्या आयआयटीमधील डिझाइन केंद्रात पीएच.डी. करीत होते आणि तमिळ अक्षरांच्या मुद्रणरूपावर त्यांचा अभ्यास चालू होता. चिन्ह जाहीर झाले तेव्हा ते गुवाहाटीला अध्यापक म्हणून रुजू होण्याच्या बेतात होते. ते केंद्र १९६९ चे. खासबारदार कोल्हापुरात जाहिरातींच्या मांडणीचा व्यवसाय करणारे, म्हणजे हात बसलेले गृहस्थ. गर्दीतून निवडले गेले खरे, पण ते गर्दीत घडले नव्हते. अक्षर कोठे वळते आणि कोठे थांबते, हे वर्षानुवर्षे पाहून त्यांचा डोळा आधीच तयार झाला होता. स्पर्धेने त्यावर उजेड पाडला. आमच्याकडे नभोवाणीच्या स्पर्धेत पहिला येणारा मुलगा स्पर्धेमुळे गवई होत नाही, हे आम्हांला कळते. मग डिझाइनच्या बाबतीत ते का कळू नये? मला कळले नाही, हे वर कबूल केलेच आहे.

अमेरिकेत ग्राफिक डिझाइन करणाऱ्यांची एआयजीए नावाची १९१४ पासूनची संस्था आहे. आधी काम करून द्या, पसंत पडले तर पैसे, या रीतीला तिने दीर्घकाळ उघड विरोध केला. कारण स्वार्थाचे म्हणावे तर तेही आहे. पण दुसरे कारण अधिक पटण्यासारखे: स्पर्धेत गिऱ्हाइकाशी बोलणेच होत नाही, आणि न बोलता केलेले काम दिसायला गोजिरे पण उपयोगाला परके होते. हे दुसरे कारण मला पुढे आमच्याच वर्गात डोळ्यांनी दिसले.

त्या मुलीला नंतर एका छोट्या कंपनीत कच्च्या उमेदवारीचे काम मिळाले. कंपनी भ्रमणध्वनीवर वाजणारा तानपुरा तयार करीत होती. एके दिवशी ती म्हणाली, "सर, तुमच्या वर्गात बसू का? मी काही बोलणार नाही. फक्त पाच जणांना हा तानपुरा लावू द्या." मी म्हटले, "पाचच का? माझ्याकडे चाळीस आहेत." तेव्हा तिने जेकब नील्सन या तज्ज्ञाचे म्हणणे सांगितले. त्यांनी २००० साली असे मांडले, की वस्तूतील बहुतेक अडचणी पाच माणसांना ती वापरताना नीट पाहिले की उघड्या पडतात. सहावा-सातवा बहुधा त्याच ठिकाणी अडखळतो. त्यापेक्षा चुका दुरुस्त करून पुन्हा नवे पाच बसवावेत.

तासभर ती कोपऱ्यात बसली. पहिला मुलगा बारा वर्षांचा. त्याने झटकन लावला. दुसऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी पडद्यावर पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि मला विचारले, "सर, यात काळी एक कुठे आहे?" पडद्यावर इंग्रजी 'सी शार्प' लिहिलेले होते. आमच्या वर्गात सी शार्प कोणी म्हणत नाही. पेटीवरची काळी पहिली पट्टी ती काळी एक, आणि बायका बहुधा काळी चार-पाचला गातात. बाई चाळीस वर्षे गाणे ऐकत आलेल्या, पण त्या पडद्यासमोर निरक्षर ठरल्या. मी तोंड उघडणार तोच मुलीने ओठांवर बोट ठेवले. मी गप्प बसलो. वर्गात इतका वेळ गप्प बसण्याची माझी ती पहिलीच खेप असावी.

पुढच्या तिघांत दोघे तेथेच अडले. चौथ्याने स्वर किंचित चढवायचा म्हणून बोट सरकविले आणि तानपुरा एकदम अर्धा स्वर वर गेला. पाचवीला मध्येच फोन आला, तानपुरा बंद पडला आणि परत आला तो मूळ पट्टीवर, तिच्या पट्टीवर नव्हे. मुलीने एवढे टिपले. महिन्याभराने ती परत आली तेव्हा पडद्यावर पेटीच्या पट्ट्याच काढल्या होत्या, काळ्या नि पांढऱ्या. हवी त्या पट्टीवर बोट ठेवले की झाले. नावे मराठीत आणि इंग्रजीतही. बाईंनी दहा पळांत काळी चार लावली आणि डोळे मिटून षड्ज धरला.

त्या वेळी माझ्या मनात जे आले, ते सांगतो. बोधचिन्हाच्या स्पर्धेत हजारो लोकांना उत्तर विचारतात. यूएक्सच्या कामात मोजक्या लोकांची अडचण पाहत बसतात. दोन्हींना आज एकाच दुकानाची पाटी लावली आहे, पण घराणी निराळी. पहिल्यात नाव होते, कधीमधी. पोट भरेल आणि हात बसेल असा धंदा दुसऱ्यात आहे, कारण तेथे रोज कोणीतरी समोर अडखळते आणि तुमचे काय चुकले हे तत्क्षणी कळते. तिच्या वहीतला तो रकाना तेथे भरला गेला. काळी एक कोठे आहे, हे दहा हजार स्पर्धकांपैकी एकानेही विचारले नसते. ज्याला गायचे आहे तोच ते विचारतो.

यात २०२२ पासून आणखी एक भर पडली आहे. चार शब्द सांगितले की चित्र काढून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. बोधचिन्ह हवे असेल तर पंधरा मिनिटांत पन्नास नमुने. म्हणजे गर्दीलाही आता स्वस्तातली गर्दी मिळाली. नुसत्या स्पर्धांवर पाय रोवू पाहणाऱ्या मुलांचे कसे होणार, याची मला काळजी वाटते, आणि पालकांनीही ती करावी. अभ्यासक्रमांची नावे आता पुष्कळ झाली आहेत. आयआयटीची डिझाइनच्या पदवीसाठी वेगळी प्रवेशपरीक्षा २०१५ पासून आहे. कोणत्याही संस्थेत मुलाला घालण्यापूर्वी, तेथे मुले पडद्याशी किती वेळ बसतात आणि माणसांपाशी किती, एवढे विचारून पाहावे. माझ्या तोंडून हे जरा आगाऊ वाटेल. पण ऐकणाऱ्याचे तोंड पाहत पाहत गायला शिकणे हा आमचा धंदा आहे, त्यामुळे तेवढे बोलतो.

आता माझ्या पदरातले पाप. सहा वर्षांपूर्वी मी ज्या संगीतसंस्थेच्या कार्यकारिणीवर आहे, तिच्या वर्धापनमहोत्सवासाठी बोधचिन्ह हवे होते. खर्च नको म्हणून मीच सूचना मांडली, की जाहीर स्पर्धा ठेवू. शाल, श्रीफळ आणि १००१ रुपये. चौतीस चित्रे आली. आम्ही सातजण दिवाणखान्यात चहा घेत बसलो आणि हात वर करून मते दिली. जे निवडले त्यात वीणा होती, हंस होता, समई, कमळ, आणि वर तोरणही. सर्वांचे समाधान झाले. महिन्याने पावतीपुस्तके छापून आली, तेव्हा ते चिन्ह नखाएवढे झाले होते आणि शाईच्या डागासारखे दिसत होते. कोषाध्यक्ष म्हणाले, "हंस कुठला नि समई कुठली, ओळखणाऱ्याला आणखी १००१ द्या!"

नाकारलेली तेहतीस चित्रे कोठे गेली हे मला ठाऊक नाही. त्यांत एक या मुलीचे होते. तिने ते मला नंतर पुष्कळ दिवसांनी, सहज बोलता बोलता सांगितले. दोन तारा आणि एक टिंब, एवढेच होते म्हणे. मला ते आठवत नाही. बहुधा आम्ही ते पहिल्याच फेरीत बाजूला ठेवले असेल, कारण त्यात सरस्वती नव्हती.

यंदा पुन्हा तोच विषय निघाला आहे. पावत्या, संकेतस्थळ, मुलांची ओळखपत्रे, सगळ्यांसाठी चिन्ह नव्याने काढून घ्यावे असे ठरते आहे. मी त्या मुलीचे नाव सुचविले. तिने आधी दोन संध्याकाळी संस्थेत येऊन बसण्याची परवानगी मागितली. पावती कोण फाडतो, पालक फलकावर काय वाचतात, हे तिला पाहावयाचे आहे. कामाचे पंधरा हजार सांगितले, निम्मे आधी. बैठकीत शांतता पसरली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आपल्याच वर्गात शिकलेली मुलगी आणि आपल्याकडून पैसे घेणार?" दुसऱ्यांनी मोबाइल काढून यंत्राकडून तयार केलेले चार नमुने दाखविले. चारांतही हंस होता.

मी म्हटले, "माझे वडील दरबारात फुकट पेटी वाजवीत नव्हते." त्यावर कोणी काही बोलले नाही. ठराव पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब आहे. तोवर मुलीला मी येत्या मंगळवारी सहा वाजता संस्थेत येऊन बसावयास सांगितले आहे; पावत्या फाडणाऱ्या आमच्या शिपायाला तेवढे कळविले, की कोपऱ्यात एक मुलगी वही घेऊन बसेल, तिच्याकडे लक्ष देऊ नका.